शुक्रवारची चाळीस मिनिटं

आमच्या तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. रविवारी सगळं जग दुपारपर्यंत लोळत असतं तेव्हा आम्ही डबे घेऊन कामाला लागलेलो असतो, आणि शुक्रवारी जगाची पळापळ चालू असताना आमची माणसं वाडीत शिंपणं करत असतात, बँकेची कामं उरकत असतात, नाहीतर सरळ झोपलेली असतात. वीस वर्षं अशी काढली की शुक्रवार हाच खरा रविवार वाटायला लागतो. माझ्या हातून जे झालं ते या सवयीतून झालं. सवयीच्या माथी मारून मी मोकळी होत नाही. पण सांगायला बसले तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

मी एका रसायनांच्या कारखान्यात मेलचा सर्व्हर सांभाळते. लोकांना वाटतं मेल हवेतून येतो आणि हवेत जातो. आमच्याकडे तो एका खोलीतून येतो. पूर्वी त्या खोलीत लॅबच्या नमुन्यांच्या बाटल्या ठेवत. बाटल्या गेल्या, वास राहिला. तिथे दोन यंत्रं रात्रंदिवस घरघरत असतात, आणि कंपनीचा आलागेला प्रत्येक मेल त्यांच्यातून जातो. चिंचणीहून स्कूटरने येते, त्या खोलीत शिरते, एसीखाली स्वेटर घालून बसते. स्वभाव तिरसट आहे. आई म्हणते, "तुझं तोंड म्हणजे करवत, लाकूड नसलं तर हवाच कापत बसते." खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा अभिमानही होता. कारखान्यात बाईने गोड बोलून यंत्रं चालत नाहीत, असं मी मानत आले.

सर्व्हरच्या तोंडाशी स्पॅम फिल्टर बसवलेला असतो. आपल्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन असतो ना, तसाच तो. येणाऱ्या प्रत्येक मेलला तो गुण देतो, आणि हे गुण जितके जास्त तितका मेल वाईट. लॉटरी लागली म्हणणारा, खोटं बिल चिकटवणारा, "ताबडतोब इथे दाबा" म्हणून ओरडणारा, यांचे गुण चढत जातात. थोडे चढले तर मेलवर शिक्का बसतो. फार चढले तर तो आत येतच नाही, एका वेगळ्या जागी अडकून पडतो. मी त्या जागेला कोठडी म्हणते. पंधरा दिवस कोणी सोडवला नाही तर तो आपोआप पुसला जातो.

नऊ वर्षं मी त्या वॉचमनला शिकवत होते. हा आपला, हा परका, हा बोलायला वेडावाकडा पण मनाने बरा. त्याशिवाय माझी एक हाताने केलेली यादी होती: काही झालं तरी ज्यांना अडवायचं नाही अशा पत्त्यांची. ओळखायला सोपं जावं म्हणून प्रत्येक पत्त्यापुढे मी मराठीत टीप लिहून ठेवली होती. "सरावलीच्या पोरीचं कॉलेज." "पॅकिंगवाल्याचं पेन्शन." "मासवणचे काका, दवाखाना."

आता कारखान्याच्या सर्व्हरवर पोरींची कॉलेजं कशाला, असं कोणीही विचारेल. तर आमच्याकडची ही एक जुनी रीत. फॉर्म कुठलाही असो, त्यात मेलचा पत्ता मागतात, आणि आमच्या निम्म्याअर्ध्या कामगारांकडे मेल नाही. ते बिनधास्त कंपनीच्या ऑफिसचा पत्ता ठोकून देतात. टाइम ऑफिसच्या हेडक्लार्कने कधीतरी एकाला परवानगी दिली, आणि मग काय, सगळ्या गावाचं टपाल आमच्याकडे. तो दर शनिवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सगळं छापून ज्याचं त्याच्या हातात द्यायचा. तो निवृत्त झाला आणि हे लोढणं माझ्या गळ्यात आलं. मी दर शनिवारी कुरकुरायचे, "मी काय पोस्टमास्तरीण आहे?" पण छापून द्यायचे.

मासवणचे काका बॉयलरवर होते. पालघरहून मनोरच्या रस्त्याला लागलं की मासवण येतं. तिथून रोज येऊन-जाऊन त्यांनी जन्म काढला. बारीक चणीचा माणूस, बोलणं कमी. पावसाळ्यात त्यांची बायको रानात जाऊन शेवळं, ती कोंबांची रानभाजी, काढायची आणि पानात बांधून माझ्यासाठी पाठवायची. सोबत काकडाची आंबट फळंही मोजून घातलेली असायची, नाहीतर शेवळाने घशाला खाज सुटते. काका पुडकं टेबलावर ठेवून म्हणायचे, "तिनं दिलंय." मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, पण चार-पाच पावसाळे तिच्या हातची शेवळं आमच्या घरी शिजली होती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी काका रिकाम्या हाताने आले. बायकोच्या हृदयाची झडप खराब निघाली होती. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन फुकट होणार होतं, पण यादी लांब होती. नंबर लागला की दवाखाना मेल करणार, फोनही करणार, आणि दोन दिवसांत होकार कळवायचा. घरात फोन एकच. तो मुलगा दिवाळीनंतर वीटभट्टीवर घेऊन जाणार होता.

"मग मेलचा पत्ता इथला दिलाय," काका म्हणाले. "चालंल ना?"

"आता दिलाय तर काय चालत नाही म्हणू?" मी म्हणाले, आणि त्यांच्या समोरच तो दवाखान्याचा पत्ता यादीत घातला. ते पडद्याकडे बघत उभे होते.

"ह्याच्यात घातलं म्हणजे कोण अडवणार नाय ना?"

"कोणाची बिशाद आहे, काका."

हे माझे शब्द. मी ते विसरले नाही, आणि विसरावेत असं मला वाटतही नाही.

त्याच सुमारास एक खोट्या बिलाचा मेल खरेदी विभागात पोचला आणि साहेबांनी मला बोलावून घेतलं. फिल्टर जुना झाला होता हे खरंच होतं. तो बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे बघणं सोडून दिलं होतं. नवा बसवायला हवा होता. साहेबांनी विचारलं, "मेल किती वेळ बंद राहील?"

सरळ उत्तर होतं, तासभर. चालत्या सर्व्हरवर फिल्टर बदलायची सगळ्यात सुरक्षित रीत तीच आहे. आधी दार लावून घ्यायचं. बाहेरून येणारे मेल परत जात नाहीत, हरवत नाहीत. पाठवणारा सर्व्हर दाराबाहेर थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा कडी वाजवतो, दोन-दोन, चार-चार दिवस वाजवत राहतो. आत निवांत काम करावं आणि मग दार उघडावं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी म्हणाले, "एक मिनिटही नाही, साहेब."

घमेंड, दुसरं काय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

तयारी मात्र मी जीव ओतून केली, हेही सांगते. सगळ्याची नक्कल दोन ठिकाणी काढून ठेवली. एका जुन्या कॉम्प्युटरवर नवा फिल्टर बसवून बघितला. जुने मेल घेऊन ते दोन्ही फिल्टरांतून सोडले आणि गुण ताडून पाहिले. खरेदीचे, विक्रीचे, लॅबचे, साहेबांचे, सगळे नीट पार पडले. बिघडलं तर मागे कसं यायचं तेही कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. कामगारांच्या टपालातला एकही मेल मात्र त्या चाचणीत घेतला नव्हता. मुद्दाम नाही. सुचलंच नाही. कंपनीचे मेल म्हणजे कंपनीचे मेल.

दिवस ठरवला शुक्रवारचा. ऑफिस बंद, कोणी माणूस नाही, मेल नाही.

सकाळी नऊला पोचले. आईने पोळीभाजी बांधून दिली होती आणि वर टोमणा, "सुट्टीच्या दिवशी यंत्राशी लग्न लाव." आवार शांत होतं, फक्त बॉयलर चालू होता. पुन्हा एकदा नक्कल काढली. जुना फिल्टर थांबवला, नवा बसवला, मांडणी तपासली. एकही चूक दाखवली नाही. चालू केला. सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणे. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतच एक टाळी वाजवली.

मग यादी द्यायची होती. नव्या फिल्टरला ती वेगळ्या जागी आणि वेगळ्या मांडणीत लागत होती. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. तो चालवला आणि तो अडला. पुन्हा चालवला, पुन्हा अडला. चाचणीच्या वेळी मी यादीतले वरचे दहाच पत्ते घेतले होते, ते कंपनीचे होते आणि त्यांच्यापुढे टीप नव्हती. खाली पोचल्यावर माझ्या मराठी टिपांपाशी तो गांगरत होता. कपाळ! आता प्रत्येक टीप हाताने काढणं आलं. जुनी शिकवणही यादीनंतरच भरायची होती. म्हणजे तोवर गेटवर उभा होता तो कोरा नवा वॉचमन, कोणालाही न ओळखणारा, आणि दार सताड उघडं.

दार लावायला एक ओळ टाइप करायची असते. माझा हात कीबोर्डवर गेलाही होता. मग मनात आलं, "एक मिनिटही नाही" म्हणून सांगितलंय, आणि तसंही शुक्रवारचं कोण मेल टाकतंय?

चाळीस मिनिटं लागली. दहा पन्नासपासून साडेअकरापर्यंत. एकेक टीप पुसली. "सरावलीच्या पोरीचं कॉलेज" पुसलं. "मासवणचे काका, दवाखाना" पुसलं. मग यादी बसली, शिकवण भरली, पाच-सहा चाचणीचे मेल टाकले, सगळे जिथे जायचे तिथे गेले. डबा खाल्ला. घरी जाऊन झोपले.

शनिवारी सकाळी आल्या आल्या कोठडी उघडून बघितली. त्या दिवशी सकाळपासून जे अडकलं होतं ते सगळं तपासलं; सगळा खरा कचरा होता. पुढे आठवडाभर रोज तपासलं. पण शनिवारपासूनचं. शुक्रवारच्या पानाकडे मी वळलेसुद्धा नाही. आमच्या शुक्रवारी काही घडत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

मुंबईच्या दवाखान्यात शुक्रवार हा कामाचा दिवस असतो.

त्याच शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर काका आले. "मॅडम, आपला मेल आला काय?"

"नाही, काका."

"बरं." आणि गेले.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. तेव्हा माझ्याकडे साहेब येऊन बसले होते आणि मी त्यांना नवा फिल्टर दाखवत होते, किती कचरा अडला, किती टक्के, वगैरे. काका दाराशी उभे राहिले. मी मानेनेच नाही म्हणाले. ते गेले नाहीत.

"परत एकदा बघता का? तिला आता बसल्या जागी दम लागतोय. नायतर तिकडं एक फोन लावून इचारता?"

मला साहेबांसमोर ते आवडलं नाही. आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "काका, आला असता तर मी काय लपवून ठेवला असता का? आला की देईन ना छापून! फोनवर ते काही सांगत नाहीत, मेलच करतात."

फोनवर सांगतात की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. मनानेच ठोकून दिलं. काकांनी "बरं, बरं" म्हणत हात वर केला, जसा आपण चिडलेल्या माणसाला शांत करायला करतो, आणि ते पायऱ्या उतरून गेले. साहेब म्हणाले, "चांगलं काम झालंय." मी थँक्यू म्हणाले.

बुधवारी सकाळी सर्व्हरने मला एक यादी पाठवली. ही सोय मीच करून ठेवली होती. कोठडीतलं काही पुसलं जायच्या तीन दिवस आधी त्याची नावं मला यायची, चुकून काही चांगलं जाऊ नये म्हणून. शुक्रवारचे अकरा मेल होते. दहा कचरा. अकरावा दवाखान्याचा. वेळ सकाळचे अकरा वाजून बारा मिनिटं.

मी तो उघडला. विषय सगळा मोठ्या अक्षरांत होता. "ताबडतोब कळवा" असं दोनदा लिहिलं होतं. सोबत कुलूपबंद फाइल. एका भल्या मोठ्या सर्व्हरवरून हजारोंच्या झुंडीत आलेला. त्यात आणि लॉटरीच्या मेलमध्ये वरवर काही फरक नव्हता. खरी निकड आणि खोटी निकड एकाच आवाजात ओरडतात, म्हणूनच तर यादी लागते. मेलात खालीच दिलेला पासवर्ड टाकून फाइल उघडली. भरतीची तारीख सोमवारची होती. म्हणजे परवाची. होऊन गेलेली.

खोटं वाटेल, पण पहिला विचार असा आला की हा मेल पुसून टाकावा. तीन दिवसांनी पुसला जाणारच होता. कोणाला कळलं असतं? मग स्वतःचीच इतकी किळस आली की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

आत येऊन दवाखान्यात फोन लावला. लागला की! पहिल्याच वेळेला लागला, आणि एका मुलीने सगळं सांगितलंसुद्धा. मेल केला होता, दिलेल्या नंबरवर चार वेळा फोन केला होता, तो बंद होता. दोन दिवसांची मुदत टळली तरी आदल्या रविवारपर्यंत वाट बघितली आणि मग सोमवारची खाट पुढच्या पेशंटला दिली. मी गयावया केली. ती मुलगी बिचारी चांगली होती. तिने कोणाला तरी विचारून नवी तारीख दिली. सव्वीस दिवसांनंतरची, तीही सोमवारचीच. त्याआधी काहीच नाही म्हणाली.

काका सोमवारपासून कामावर आले नव्हते. त्या रस्त्याने जाणारा एक जण दुसऱ्या पाळीला होता. त्याच्या हाती तारखेची चिठ्ठी पाठवावी असं मी ठरवलं. दुपारी आईचा नेहमीचा फोन आला, जेवलीस काय म्हणून. माझा आवाज ऐकून तिने खोदून विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ही निरोप्याच्या हाती पाठवायची गोष्ट हाय काय गं? ऊठ आणि जा."

मी अर्धी रजा टाकून गेले. पालघर ओलांडून मनोरच्या रस्त्याला. सूर्या नदीच्या अलीकडे कोणाला तरी विचारलं, त्याने घर दाखवलं. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली होती. काका कुंपण बांधत होते. मला बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आला?" त्यांनी विचारलं.

आत खाटेवर त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती, पाठीमागे गोधड्यांची चवड. इतकी लहानखुरी बाई असेल असं मला वाटलं नव्हतं. एक वाक्य बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागत होतं.

मी उभ्यानेच सांगितलं. वाटेत पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "काका, मेल आला होता. बारा दिवसांपूर्वीच आला होता. माझ्या यंत्रात अडकून पडला होता, आणि मी बघितला नाही. तारीख परवा होती. गेली. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही."

काका माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. इंग्रजी होतं, त्यांना वाचता येत नव्हतं.

"शनिवारी मी आलतो तेव्हा हा तिथंच होता?"

"हो."

"तू नाय म्हणालीस तेव्हा?"

"हो, काका."

ऑफिसात मॅडम आणि तुमी म्हणणारा माणूस घरात मला तू म्हणत होता, आणि मला ते बरोबरच वाटत होतं. त्यांनी मला शिवी द्यावी असं मला मनापासून वाटत होतं. दोन मुस्कटात दिल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या. खाटेवरून तिचा आवाज आला, "अवं... पोरीला पाणी... तरी द्या. उन्हाची आलीय."

मी पाणी प्याले. मग नवी तारीख सांगितली. काका चुलीतला विझलेला कोळसा घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. त्यांच्या दाराशेजारच्या भिंतीवर कोळशाचे आकडे होते: गाय कधी फळली, भात कधी लावलं, मुलगा भट्टीवर कधी गेला. "मोठं लिव," ते म्हणाले. "तिला खाटंवरनं दिसंल असं." मी मोठं लिहिलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं, बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली, आणि मग माझ्याकडे बघून हसली. "पावसात... शेवळं पाठवते," म्हणाली.

त्या सव्वीस दिवसांत मी जे करता येईल ते केलं. दवाखान्यात एक दिवसाआड फोन, कोणी रद्द केलं का म्हणून. वीटभट्टीच्या मुकादमाचा नंबर शोधून मुलाला निरोप दिला, तो घरी परत आला. माझा स्वतःचा नंबर दवाखान्याच्या कागदावर चढवला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तशी मी कोठडीतला एकेक मेल रोज उघडून वाचत होते. त्याने पोळलेलं तोंड बरं होत नाही, एवढंच.

तारखेच्या नऊ दिवस आधी, शनिवारी पहाटे, पालघरला नेताना रिक्षात ती गेली. मला गेटवरच्या वॉचमनने सांगितलं. त्या हुकलेल्या सोमवारी भरती होऊन ऑपरेशन झालं असतं तर वाचली असती का, हे मला कोणी सांगू शकत नाही. मी एका डॉक्टरला विचारलं, त्याने खांदे उडवले, "सांगता येत नाही." लोकांना वाटतं, सांगता येत नाही म्हणजे सुटका. तसं नाही. सांगता येत नाही म्हणजे रोज नव्याने विचारायचं.

मी भेटायला गेले नाही. धीर झाला नाही, हेच खरं.

पुढच्या शनिवारी पहिली पाळी सुटली. मी पडद्यात तोंड घालून बसले होते, आणि दाराशी चपला काढल्याचा आवाज आला. हा आवाज मी ओळखत होते. काका डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे होते. कामावर आले नव्हते, खास मासवणहून आले होते. मी उठले. मला वाटलं, आता बोलतील. बोलू देत.

"बाय," ते म्हणाले, "एक मेल टाकायचाय."

"कोणाला, काका?"

"दवाखान्याला. परवा सोमवार. तिची तारीख हाय ना. ती आता येणार नाय, असं लिव. ती खाट दुसऱ्याला द्या म्हणावं."

माझ्या डोक्यातही हे आलं नव्हतं. दोन दिवसांवर आलेली ती खाट तिच्या नावाने रिकामी पडून राहणार होती, आणि मी, मेल सांभाळणारी, नुसती रडत बसले होते.

"लवकर लिव," काका म्हणाले. "तिकडं कोणतरी दर शनवारी इचारत असंल, आला काय म्हणून."

मला समोरची अक्षरं दिसेनात. डोळे पुसले आणि लिहिलं. तीन ओळी. त्यांना मराठीत वाचून दाखवल्या, ते मान हलवत गेले. पाठवला. मग ज्या पडद्यावर प्रत्येक मेलची वाट ओळीओळीने दिसते तो उघडला. आमच्या दारातून निघाला, त्यांच्या दारात पोचला, त्यांनी घेतला. तरी मी फोन लावला. तीच मुलगी होती. म्हणाली, हो, आत्ताच मिळाला, यादीतल्या पुढच्या माणसाला लगेच कळवते.

काका उभेच होते. "पोचला?"

"पोचला, काका."

"तू बघितलास ना?"

"बघितला."

"मग बरं," ते म्हणाले, आणि चपला घालायला खाली वाकले.